सातवा नियम आणि गुरुवारचा खोकला

१ मार्च, शनिवार

पदोन्नती होऊन महिना झाला. आधी माझ्याकडे एक घर होतं, आता नऊ आहेत. ज्यांना स्वतःचं सगळं स्वतः करता येत नाही अशा थकलेल्या, आजारी माणसांची ही निवासी घरं. चारशे बारा माणसं, आणि त्यांची सेवा करणाऱ्या सगळ्यांच्या वर मी. दारावर पाटी लागली आहे: परिचर्या प्रमुख. यजमान पाटी बघायला आले होते. डोळे बारीक करून वाचली आणि म्हणाले, "म्हणजे आता तू कुणाला हात लावायचा नाहीस." जन्मभर गणित शिकवलेला माणूस. पायऱ्या गाळतो, पण उत्तर बरोबर येतं.

खुर्चीला चाकं आहेत. एकतीस वर्षं मी फिरले, आता मी बसते आणि खुर्ची फिरते. वडिलांनी लहानपणी जे संस्कृत घोकून घेतलं त्यात उच्चपदाची स्तुती पोतंभर होती. उच्चपदी बसल्यावर कंबर धरते हे कुणी सूत्रात बांधलेलं नाही. हुद्द्याला शोभतील असे बूटही घेतले. संध्याकाळपर्यंत घट्ट होतात. चामडं अजून वळलं नसावं.

सगळ्यात वाईट वार गुरुवार. अकरा ते तीन संचालक मंडळाची बैठक, खिडक्या न उघडणाऱ्या खोलीत. मधे जेवणाची सुट्टी नाही, कारण अध्यक्षांना 'लय तुटलेली' चालत नाही. मागच्या आठवड्यात मोठ्या बाईंना फोन करून याबद्दल यथेच्छ रडगाणं गायले. मोठ्या बाई म्हणजे ज्यांनी मला नर्स केलं त्या. आता शहाऐंशीच्या आहेत आणि माझ्याच नऊ घरांपैकी एका लहानशा घरात राहतात. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "आणि जेवतेस कधी?" मी विषय बदलला.

एक गोष्ट मात्र मनासारखी झाली. माझा सातवा नियम मंजूर झाला. गेल्या वर्षी एका घरी एका आजोबांच्या घशात पावाचा तुकडा अडकला. वाचले, पण त्या आधीच्या पंधरा दिवसांत त्यांची तीनदा घुसमट झालेली होती. तिन्ही नोंदी व्यवस्थित, सुवाच्य, सहीसकट. नोंदी सगळ्यांनी वाचल्या, माणसाला बघायला कुणी गेलं नाही. म्हणून सातवा नियम. कलम एक: घुसमटीची नोंद झाली की परिचर्या प्रमुखाने चोवीस तासांत स्वतः जाऊन त्या माणसाला पाहावं. कलम दोन: एका महिन्यात अशा तीन नोंदी झाल्या, तर जिथे चोवीस तास नर्स नसते अशा घरातून त्या माणसाला मोठ्या घरी हलवावं. सगळ्या घरांत नियमाची प्रत भिंतीवर लागली आहे. मला तो फार आवडतो. स्वतःच्या अपत्याबद्दल असं लिहू नये, पण दैनंदिनीत कोण बघतं.

६ मार्च, गुरुवार

बैठकीत बारा वाजून वीस मिनिटांनी चिठ्ठी आली: लिंबाच्या घरी घुसमट, बारा दहा, खोली चार. लिंबाचं घर म्हणजे चौदा माणसांचं ते लहान घर, अंगणात लिंबाचं झाड आहे म्हणून. खोली चार म्हणजे मोठ्या बाई.

अध्यक्ष म्हणाले, "चोवीस तास आहेत ना हातात?" मी म्हटलं, "आहेत, पण त्या बाईंनी मला एकदा चोवीस मिनिटं उशीर झाला म्हणून दारात उभं केलं होतं." आणि निघाले.

बाई खिडकीशी खुर्चीत बसलेल्या, केस विंचरलेले, रंग उत्तम, श्वास माझ्यापेक्षा संथ. मी छातीला नळी लावली. दोन्हीकडे स्वच्छ.

"काय खात होतात?"

"सूप."

"सूप अडकलं?"

"वय झालं, शास्त्रीबुवा. आता काहीही अडकतं." शास्त्रीबुवा म्हणजे मी. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मी रोग्याच्या तक्त्यावर 'श्वासोच्छ्वास मंद परंतु नियमित' असं लिहिलं होतं, तेव्हापासून. तेव्हा त्यांनी तक्ता माझ्या हातातून काढून पाठीमागे धरला होता आणि विचारलं होतं, "आता सांग, पेशंटचे डोळे कसे आहेत?" मी पाहिलेच नव्हते. आधी माणूस, मग कागद, हे त्यांचं एकमेव सूत्र. भाष्य मात्र रोज.

बाईंनी पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. "पाय वर घे." मी नाही म्हणायच्या आत त्यांनी वाकून माझ्या घोट्यावर बोट दाबलं, जसं कणीक मळून झाली का बघतात. मग कपाटातून एक केळं काढलं. "हे खा. मला आता गिळायची भीती वाटते." वाया जाऊ नये म्हणून खाल्लं. वीस मिनिटं बसले. बैठकीला परतले तेव्हा लय तुटलेली होती.

१३ मार्च, गुरुवार

पुन्हा. बारा दहा, खोली चार. यावेळी पाव.

नोंद तिथल्या मदतनीस बाईंच्या हातची. या पन्नाशीच्या, भरभक्कम, मायाळू. घरात त्यांना सगळे 'दुसरी घंटा' म्हणतात, कारण पहिल्या घंटेला त्या कधीच येत नाहीत. "कसा होता खोकला?" मी विचारलं. त्या छताकडे बघत म्हणाल्या, "होता. म्हणजे, मोठा होता." बिचाऱ्या घाबरल्या असाव्यात.

बाईंची छाती पुन्हा स्वच्छ. ताटातलं निम्मं सूप तसंच होतं, ते मला प्यायला लावलं. "टाकून देणार का? शिकवलं होतं का मी तुला असं?" पाय पुन्हा स्टुलावर. म्हातारपणी माणसाला काही गोष्टींचा नाद लागतो. बाईंना स्टुलाचा लागला आहे.

दोन घुसमटी, दोन्ही गुरुवारी, दोन्ही एकाच वेळी. वडील याला काकतालीय न्याय म्हणाले असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. तरी मनात धाकधूक आहे. गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना सोमवारी पाठवते आहे.

१७ मार्च, सोमवार

तज्ज्ञांचा फोन आला. "पाणी दिलं, घट्ट पेय दिलं, बिस्किट दिलं. सगळं नीट उतरलं. तुमच्या बाईंनी मला मात्र माझं शिक्षण, अनुभव आणि नखं का वाढवली आहेत हे विचारलं."

"निष्कर्ष?"

"नखं कापतो."

मग खोकला येतो कुठून? तपासणीच्या दिवशी सगळं ठीक आणि दोन दिवसांनी घुसमट, असं होतं कधीकधी. थकव्याने होतं. महिन्यातल्या दोन नोंदी झाल्या. तिसरी होऊ नये.

२० मार्च, गुरुवार

तिसरी झाली. बारा दहा.

आज पुढच्या वर्षाच्या कामाची मांडणी माझ्याकडे होती, उठता येईना. आधी तिथल्या इनचार्जला फोन केला. बाई ठीक आहेत, गप्पा मारताहेत, म्हणाली. चोवीस तास हातात होते, म्हणून सहा वाजता गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच नियमातली सवलत वापरली आणि मला ती अजिबात आवडली नाही.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आज उशीर."

"काम होतं, बाई."

"जेवलीस?"

"आता घरी जाऊन जेवेन."

स्टूल सरकवलं नाही. मी उभ्याउभ्याच छाती तपासली, कागद भरला, पाच मिनिटांत निघाले. दारात वळून पाहिलं तर त्या माझ्या बुटांकडे बघत होत्या.

अंगणातून जाताना लिंबाकडे लक्ष गेलं. बाई सहा वर्षांपूर्वी इथे आल्या तेव्हा ते गुडघ्याएवढं होतं. रोज सकाळी काठी टेकत जाऊन पाणी घालतात, आणि पाणी घालताना उरलेल्या तेरा माणसांच्या खिडक्यांत डोकावून कोण उठलं, कोण नाही ते बघतात. त्यांची ती जुनी सकाळची फेरीच. मोठ्या घरी नव्वद खाटा आहेत. खिडक्या आहेत, त्यांतून गाड्या लावायची जागा दिसते.

२१ मार्च, शुक्रवार

स्थलांतराचा अर्ज टेबलावर आहे. नाव भरलेलं, कारण भरलेलं, सही माझी हवी. मंगळवारपर्यंत.

सही केली नाही तर? उद्या दुसऱ्या कुणाच्या आजीच्या तीन नोंदी होतील आणि मी सही करेन, आणि तो नातू मला विचारेल की तुमच्या बाईंना वेगळा न्याय का. त्याला काय सांगू? आणि बाईंच्या घशात खरंच काही अडकलं, तिथे रात्री नर्स नाही, तर? पावाचा तुकडा अडकलेल्या आजोबांचा चेहरा मी पाहिलेला आहे. केली सही, तर मी बाईंची सकाळची फेरी काढून घेते. त्या तक्रार करणार नाहीत. सहा महिन्यांत उठायच्या थांबतील. हेही मी पुष्कळदा पाहिलं आहे.

रडकुंडीला येऊन यजमानांपुढे सगळं मांडलं. ते कांदा चिरत होते, त्यामुळे दोघांचे डोळे सारखेच.

"वार कोणते?"

"तिन्ही गुरुवार."

"वेळ?"

"बारा दहा."

"एकवीस दिवस, दिवसातून तीनदा खाणं, म्हणजे त्रेसष्ट वेळा. त्यातल्या तीनच वेळा, आणि त्या तिन्ही बरोब्बर तुझ्या बैठकीच्या मधोमध." सुरी खाली ठेवली. "तू त्यांना जेवताना बघितलंस का गं?"

"रिपोर्ट आहे."

"मी रिपोर्टचं विचारलं नाही."

अवघड जागी बोट ठेवतात. मी तीनदा गेले, तिन्ही वेळा खोकला संपल्यावर. यत्र धूमः तत्र वह्निः, धूर दिसला की अग्नी असणारच, हे तर्कशास्त्राचं पहिलं पान. ओल्या लाकडाचं काय करायचं ते पुढच्या पानांवर होतं आणि तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

२४ मार्च, सोमवार

न सांगता पावणेबाराला लिंबाच्या घरी गेले. बूट हातात घेऊन भोजनगृहाच्या मागच्या दाराने आत शिरले आणि ताटांच्या कपाटाआड स्टुलावर बसले. परिचर्या प्रमुखांची ही मुद्रा पाटीवर मावणार नाही.

बाई जेवायला आल्या. सूप, पाव, उकडलेले बटाटे, वर एक सफरचंद, सालासकट. चाळीस मिनिटं. मी प्रत्येक घास मोजला. एकदाही खोकल्या नाहीत. उलट शेजारच्या आजोबांना म्हणाल्या, "सावकाश चावा, मागे कोणी लागलेलं नाही." सफरचंदाचा तर देठ तेवढा राहिला.

दुसरी घंटा ताटं उचलायला आल्या आणि मला पाहून त्यांच्या हातातला चमचा पडला. मी काही विचारायच्या आतच रडायला लागल्या. "मॅडम, त्या म्हणाल्या 'लिही'. मी म्हटलं, पण तुम्ही खोकला नाहीत. तर म्हणाल्या, थांब, खोकते. आणि खोकल्या. मग मी लिहिलं. खोटं कसं म्हणू?"

"तिन्ही वेळा?"

"तिसऱ्या वेळी तर दोनदा खोकल्या. म्हणाल्या, आज तिला वेळ नसेल, जरा मोठा हवा."

मी कपाटाआडून बाहेर आले. बाईंनी मान वळवली, जराही दचकल्या नाहीत. "बूट घाल. फरशी गार आहे."

"बाई, तुम्ही खोटं खोकलात."

"खोकला खराच होता. गरज तेवढी खोटी."

"तीन नोंदी झाल्या. तुम्हाला मोठ्या घरी हलवायचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. उद्या सही करायची होती मला."

"अगं बाई. तसंही आहे का नियमात? मी पहिलंच कलम वाचलं. पुढचं बारीक अक्षरात होतं."

भोजनगृहाच्या भिंतीवर नियमाची प्रत लावलेली आहे. मी जवळ जाऊन पाहिलं. दुसऱ्या कलमाखाली पेन्सिलीची सरळ, पट्टी धरून मारलेली रेघ होती. बाई तक्त्यांवर मारायच्या तशीच. मी परत येऊन बसले.

"मी सही केली असती तर?"

"तर मी गेले असते मोठ्या घरी," बाई म्हणाल्या. "म्हटलं असतं, एकतीस वर्षांपूर्वी शिकवताना माझंच काही राहिलं." जरा थांबल्या. "पण आलीस ना बघायला. कपाटामागे का होईना."

मी म्हटलं, "बाई, एकटं वाटत होतं तर सरळ सांगायचं. फोन करायचा. मी आले असते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाशी आलेलं काहीतरी त्यांनी गिळलं, तेही अजिबात न खोकता.

"हो," म्हणाल्या. "वाटतं एकटं. येत जा जरा. गुरुवारी. जेवायच्या वेळी."

२५ मार्च, मंगळवार

अर्ज फाडला नाही. फाडण्यात नाट्य असतं आणि कागद हरवतो. त्यावर लिहिलं: 'स्वतः जेवताना पाहिलं. घुसमट नाही. स्थलांतर नको.' खाली सही. तिन्ही नोंदींवर दुरुस्तीचा शेरा मारला, का मारला तेही लिहिलं. दुसऱ्या घंटेला समज द्यायची होती. बोलावलं, तर त्याच येताना माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. समज अर्ध्या आवाजात दिली.

मला माझ्या अपत्याचा राग आला आहे. प्रमुखाने येऊन बघावं म्हणून नियम केला, आणि तो असा केला की माणसाचा जीव गुदमरल्याशिवाय प्रमुख येऊच नये. इतकी वर्षं जो धडा पाठ केला, तोच उलटा लिहून भिंतीवर लावला.

२७ मार्च, गुरुवार

बैठकीत सगळं सांगितलं. तीन नोंदी खऱ्या नव्हत्या, त्या होण्याचं कारण माझा नियम, आणि मी तीनदा जाऊनही ओळखलं नाही. कुणी हसलं नाही. तेही कठीणच गेलं.

मग नवा मसुदा मांडला. दुसरं कलम राहील, पण त्या माणसाला जेवताना पाहिल्याशिवाय सही होणार नाही. पहिल्या कलमात भर: परिचर्या प्रमुख आळीपाळीने प्रत्येक घरी, काही झालेलं नसताना, एका जेवणाच्या वेळी जाऊन बसेल. गुरुवारी.

"गुरुवारीच का?" अध्यक्ष म्हणाले. "लय तुटेल."

"बारा ते एक मी नसेन. तुम्हीही जेवून घ्या. नऊ घरांतले चारशे बारा लोक त्या वेळी जेवतात. फक्त आपण सातजण उपाशीपोटी त्यांची काळजी करतो."

आमचे वकील, जे गेली दोन वर्षं बैठकीत पोटाच्या आवाजांवर खाकरून पांघरूण घालतात, त्यांनी सर्वांत आधी हात वर केला. ठराव मंजूर.

"भेटीच्या रकान्यात कारण काय लिहायचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"कारण नाही, असं लिहायचं."

३ एप्रिल, गुरुवार

पहिली विनाकारण भेट लिंबाच्या घरी. पाळी तशी दुसऱ्या एका, जिन्यांच्या घराची होती, पण प्रमुखाला थोडा पक्षपात शोभतो.

बाईंबरोबर जेवले. अख्खं. त्यांनी दुसऱ्या घंटेला दोनदा वाढायला लावलं. स्टूल होतंच, बाईंचा एकटेपणा घालवायचा तर त्यांचे नादही पुरवायला हवेत, म्हणून निमूट पाय वर घेतले. आम्ही जुन्या वॉर्डातल्या त्या सर्जनची आठवण काढली जे ऑपरेशनआधी चष्मा शोधायचे आणि तो डोक्यावर असायचा. इतकं हसले की शेजारच्या आजोबांनी विचारलं, "यांना काही अडकलं का?"

बाई हात धुवायला गेल्या तेव्हा टेबलावर त्यांची लहान वही उघडी दिसली. पाळी संपताना पुढच्या नर्सला सगळं सांगता यावं म्हणून आम्ही ठेवायचो तशी. अजून ठेवतात. वाचू नये, पण नर्सला वही दिसली की नजर आपोआप जाते. शेवटच्या पानावर होतं:

'चालताना डावा पाय आखडता. दोन्ही घोट्यांना सूज, बोट दाबलं की खळगा राहतो. सकाळपासून उपाशी असते. विचारलं तर बरी आहे म्हणते. बरी नाही. आज जेवली. गेल्या खेपेपेक्षा जास्त हसली. लक्ष ठेवणे.'

काय नजर आहे या वयात. पाच नंबरच्या आजींबद्दल असणार, त्या लंगडतात. अशी सूज अंगावर काढणं बरं नव्हे, काळजाचंही दुखणं असू शकतं. त्या आजींचं कोणीतरी तातडीने बघायला हवं. निघताना इनचार्जला सांगणार होते, ती जाग्यावर नव्हती.

संध्याकाळी जेवताना यजमानांना सांगितलं, वहीतल्या ओळी जशाच्या तशा. पाठांतर ही वडिलांची देणगी. ते ऐकत होते. 'बरी आहे म्हणते' इथे त्यांनी चमचा खाली ठेवला. मग वाकून टेबलाखाली बघितलं, जरा जास्तच वेळ. उठले, आतून दोन उशा आणि मोरीतलं स्टूल घेऊन आले. माझ्यासमोर मांडलं.

"हे काय आता?"

"कोणीतरी तातडीने बघायला हवं म्हणालीस ना?" ते फोन शोधत होते. "उद्या दहाची वेळ घेतो डॉक्टरांची. ऑफिसला उशीर होईल म्हणून कळव. कारण लिही."

मी हसले. मग हसू थांबलं. बूट काढले, मोजे काढले. नवं चामडं, महिना उलटून गेला, अजून वळलेलं नाही.

डाव्या घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला.

नोंद अचूक आहे. फक्त खोलीचा क्रमांक मी चुकीचा वाचला.